बाळ मेट्रो पूर्ण होण्याची वाट पाहत नाही
घोडबंदर रोडवरील नागरिकांना जाहीर आवाहन

घोडबंदर रोडच्या रहिवाशांनो,

माजिवड्यापासून गायमुखापर्यंत आपल्या सर्वांना एक वाक्य पाठ झालं आहे: ‘काम चालू आहे, थोडे दिवस त्रास होणारच.’ मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. गायमुख ते विजय गार्डन चाचणीची गाडी धावली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचंही भूमिपूजन झालं. ही कामं आपल्यालाच हवी आहेत. पण गरोदरपण चाळीस आठवड्यांचं असतं. ज्या बाईचे हे चाळीस आठवडे कंटेनरच्या रांगेत आणि उडत्या सिमेंटमध्ये गेले, तिच्या बाळासाठी ते ‘थोडे दिवस’ म्हणजे सगळेच दिवस होते.

डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि काही थेट रक्तात उतरतात. बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये काजळीचे कण वारेत सापडले, तेही बाळाकडच्या बाजूला. या कणांमुळे आईच्या शरीरात दाह वाढतो, वारेतून होणाऱ्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो आणि बाळ ३७ आठवड्यांआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. अशा बाळांना श्वासाचा त्रास आणि जंतुसंसर्ग लवकर गाठतो. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’ अहवालानुसार २०१९ मध्ये भारतात १ लाख १६ हजारांहून अधिक नवजात बालकांच्या मृत्यूंमागे हवेचं प्रदूषण होतं. त्यात चुलीच्या धुराचाही वाटा होता.

हे सांगताना कुणा आईला घाबरवायचं नाही, तिला दोष तर मुळीच द्यायचा नाही. धोका वाढतो म्हणजे प्रत्येक बाळाला तो भोवतोच असं नाही. आणि हवा सुधारली की फरक पडतो, हेही दिसून आलं आहे. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर न थांबता टोल भरण्याची सोय झाली, गाड्यांची रांग ओसरली. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये मुदतपूर्व प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं सुमारे १२ टक्क्यांनी घटली. रांगेत उभ्या गाड्यांचा धूर काय करतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

म्हणून आमची कळकळीची विनंती:

सोसायट्यांना: कचरा आणि पालापाचोळा जाळू देऊ नका. थंडीत रखवालदाराला शेकोटी पेटवावी लागू नये म्हणून स्वेटर आणि ब्लँकेट द्या. कीटकनाशकाची फवारणी किंवा रंगकाम असेल तर गरोदर बायकांच्या घरी आधी कळवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना: बाळ-बाळंतिणीला ऊब हवी, धूर नको. बाजेखालची शेगडी आणि बंद खोलीतली धुरी आता थांबवा. डासांची कॉइल लावण्याऐवजी मच्छरदाणी बांधा. सुनेला, लेकीला फिरायला मुख्य रस्त्यावर पाठवू नका, आतल्या गल्लीत किंवा बागेत तिच्या सोबत जा. हिवाळ्यात भल्या पहाटे हवा जमिनीलगत कोंडलेली असते. ऊन चढू द्या.

नोकरी देणाऱ्यांना: गरोदर कर्मचाऱ्याला घरून काम किंवा गर्दी टाळून येण्याची वेळ द्या.

ठेकेदारांना: माती-रेतीचे डंपर झाकून न्या, चाकं धुऊन रस्त्यावर आणा, खोदलेली जागा ओली ठेवा. तुमच्याच कामावर घमेली उचलणारी बाईही गरोदर असू शकते. तिला धुळीपासून दूरचं, हलकं काम द्या आणि मजुरांच्या वस्तीत गॅस पोचवा. लाकडाच्या फळ्या जाळून तिने स्वयंपाक करू नये.

ठाणे महापालिकेला: मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांना पत्र्याचं उंच कुंपण, हिरवं कापड आणि पाण्याची फवारणी बंधनकारक केली. तेवढीच कडक तपासणी आमच्याही रस्त्यावर रोज दिसू द्या.

आणि आपणा सर्वांना: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत ‘सुरक्षित मातृत्व अभियाना’ची मोफत तपासणी असते. आपल्या इमारतीतल्या, शेजारच्या वस्तीतल्या गरोदर बाईला तिथे घेऊन जा. त्याच दिवशी आपण आपल्या दारापुढचा रस्ताही तपासू. उघडा डंपर, कोरडी माती, जळता कचरा दिसला की फोटो काढायचा, वेळ आणि जागा लिहायची आणि माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची. पुढच्या ९ तारखेला तीच जागा पुन्हा बघायची.

पोटातलं बाळ तक्रार देऊ शकत नाही. त्याच्या वतीने सही आपण करू.

आपले,
घोडबंदर रोडवरील काही रहिवासी