बाबा दर्यावर, मूल मोबाइलवर: मुलांशी किती बोलता यापेक्षा कसं बोलता, हे महत्त्वाचं का?

अलिबाग तालुक्यातलं रेवस मुंबईकरांना माहीत आहे ते भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचमुळे. पण या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या घरांचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. वडील बोटीवर, आई मासळीबाजारात, अशा वेळी रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल जातो. मग वेळ कमी असलेल्या घरातली मुलं मागेच पडतात का?

संशोधन काय सांगतं?

एमआयटीच्या संशोधकांसह एका गटाने ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांचं घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू तपासला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलांच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मूल आणि मोठी माणसं आळीपाळीने किती वेळा बोलली, याचा मेंदूच्या भाषेशी निगडित भागाशी जास्त संबंध दिसला. पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण हिशेबात धरूनही तो टिकला. अभ्यास छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणजे नेमकं काय करायचं?

मूल टोपलीकडे बोट दाखवून "हे काय?" विचारतं. "बोंबील" म्हटलं की विषय संपतो. "बोंबील. हात लावून बघ, कसा लागतो?" असं विचारून थांबलं, तर मूल उत्तर शोधतं. जाळं विणताना, मासळी निवडतानाही हे जमतं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मोबाइलचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास. व्हिडिओ बोलतो खूप, पण मुलाचं ऐकत नाही.

जबाबदारी फक्त आईची?

नाही. केंद्र सरकारच्या 'नवचेतना' आराखड्यात जन्मापासून ३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १४० कृती आहेत. अंगणवाडी सेविकांनी त्या घरोघरी पालकांना शिकवाव्यात, अशी अपेक्षा आहे. पण भरतीच्या वेळी घरी कुणीच नसेल, तर त्या भेटीची वेळही गावाप्रमाणे ठरवावी लागेल.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा बाबा घरी असतात. सवय लावायला हे दोन महिने चांगले. पण मुलाचे प्रश्न बाराही महिने सुरूच असतात.