क्षार म्हणजे नेमके काय?

मराठीच्या अध्यापकांनी रसायनशास्त्रात लुडबुड करू नये, असे आम्हांलाही वाटत असे. परंतु बारामती-इंदापूर परिसरात पाण्याविषयीची मराठी ऐकताना एक शब्द सतत अडतो : ‘क्षार’. बोअरच्या पाण्यात क्षार, शेतात क्षार, पातेल्याच्या तळाशी क्षार. परिभाषेनेही गोंधळात भरच घातली. आपल्या शालेय पुस्तकांत क्षार म्हणजे सॉल्ट, तर हिंदीत क्षार म्हणजे अल्कली. हिंदीतून ‘क्षारीय’ जसाच्या तसा उचलला, की अर्थ उलटापालटा होतो.

हा वाद केवळ कोशाचा नाही. निरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५पासून या भागात खेळू लागले. पुढे ऊस वाढला, आणि जिथे पाणी अति झाले व निचरा झाला नाही, तिथे जमिनी बिघडल्या. या बिघाडाला शेतकऱ्यांच्या भाषेत दोन नावे आहेत : खारवट आणि चोपण. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साठलेले असतात. चर काढून, गोडे पाणी देऊन ते धुऊन निघतात. चोपण जमीन मात्र सोडियमने बिघडलेली : भिजली की चिकट, वाळली की दगड. तिला नुसते पाणी दिले तर ते वरच साचते. तिथे जिप्समही लागते. दोहोंना ‘क्षारपड’ म्हणून मोकळे झालो, तर उपाय चुकतो आणि हंगाम वाया जातो.

तिसरी गोष्ट अल्कता, म्हणजे मुख्यतः पाण्यातील बायकार्बोनेटची आम्ल पचवण्याची शक्ती. काचेच्या टाकीत समुद्री प्रवाळ जोपासणारे हौशी लोक ती वरचेवर मोजतात. कारण प्रवाळ बायकार्बोनेट आणि कॅल्शियम घेऊनच आपला सांगाडा बांधतो. आमच्या विहिरींच्या पाण्यातले बायकार्बोनेटही मातीतल्या कॅल्शियमशी असेच जुळते. पण इथे त्याची चुनखडी होते, मागे सोडियम वरचढ ठरते आणि जमीन चोपण होऊ लागते. तिथे जे घडवते, तेच इथे बिघडवते.

फॉस्फेटचेही तसेच. प्रवाळाच्या टाकीत ते वाढले की शेवाळ माजते, सांगाड्याची वाढ खुंटते. चुनखडीच्या शेतात तेच खत म्हणून घातले, तर कॅल्शियमशी जखडून बसते; पिकाला पुरेसे मिळत नाही. आणि इंदापूरच्या कडेला पसरलेल्या उजनीच्या जलाशयात, पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व इंद्रायणीवाटे भीमेत उतरते तेव्हा, त्यातले फॉस्फेट शेवाळ आणि जलपर्णी पोसते. शेतात अपुरे, धरणात अति, पदार्थ एकच.

तेव्हा ‘पाणी दूषित झाले’ किंवा ‘क्षार वाढले’ ही वाक्ये आम्हांला अपुरी वाटतात. त्यांत हळहळ आहे, पण काय वाढले, कुठून आले आणि कोणी थांबवायचे, याचा पत्ता नाही. मोघम शब्दाच्या आड जबाबदारीही विरघळते. पारिभाषिक मराठी रुक्ष म्हणून आपण साहित्याच्या वर्गाबाहेर ठेवली; वस्तुतः खारवट आणि चोपण यांतला भेद जपणारी भाषा कोणत्याही अलंकारापेक्षा अधिक सूक्ष्म आहे. ती आम्ही शिकवली नाही, ही उणीव आमची. विद्यार्थी बहुतेक याच शिवारातून येतात; त्यांच्या घरचा हा शब्दभेद वर्गात आणण्यापासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.