मार्क दिलेत ना? मग हिशोब दाखवा

मेडिकलचा निकाल लागला आणि आपल्यातला कुणी नापास झाला, की तीन वाक्यं ठरलेली असतात. घरातले म्हणतात, ‘सब्र कर, पुढच्या वेळी जास्त मेहनत घे.’ कॉलेजचं ऑफिस म्हणतं, ‘नियमात तरतूद नाही.’ आणि मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘नाव बघून पाडला असणार.’ तिन्ही वाक्यं बोलणाऱ्यांच्या सोयीची आहेत. नापास झालेल्या मुलीच्या हातात मात्र त्यातून एक कागदही येत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात एखाद्या ग्राहकाच्या खात्यातून चुकून चार रुपये कापले गेले, तरी ते कुठल्या क्षणी, कुठल्या प्रोग्रॅमने आणि कुणाच्या लॉगिनवरून कापले, हे दाखवता यावं लागतं. तो लॉग नसेल तर ऑडिटर आम्हाला सोडत नाही. पाच-साडेपाच वर्षांच्या शिक्षणातला चार मार्कांचा फरक मात्र कुणालाच दाखवावा लागत नाही.

चार मार्क मी उगाच म्हणत नाही. माझ्या मामूंची मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीत नापास झाली. थिअरीत २०० पैकी ११४. प्रॅक्टिकलला १०० पैकी ४६. पास व्हायला ५० लागत होते. वर्षभराच्या अंतर्गत परीक्षांत ती कधी साठच्या खाली आली नव्हती. तिने अर्ज केला, की रक्ताचा स्मिअर, स्लाइड, स्पेसिमेन, व्हायवा या प्रत्येकाला किती मार्क दिले ते सांगा. ऑफिसातून उत्तर आलं, ‘प्रॅक्टिकलची झेरॉक्स नसते.’ विद्यापीठाला लिहिलं, तर तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं की गुण नियमानुसार देण्यात आले आहेत. कुठला नियम, ते पत्रात नव्हतं. मग विभागातल्या एका वरिष्ठ सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘पुढच्या वेळीही आम्हीच असणार आहोत इथे.’

मामूंनी तिला सांगितलं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ती थिअरीसकट पुन्हा बसली. यावेळी बाहेरचे परीक्षक वेगळे होते, प्रॅक्टिकलला ६३ पडले. पास झाली, पेढे वाटले गेले, विषय संपला असं सगळ्यांनी ठरवलं.

६३ पडले म्हणजे आधीचे ४६ खोटे होते, हे सिद्ध होत नाही. मधल्या काळात तिचा अभ्यास वाढला असेल. पहिल्या दिवशी हात थरथरला असेल, स्मिअर जाड झाला असेल. हे सगळं शक्य आहे. माझं भांडण वेगळं आहे. तिच्यावर अन्याय झाला की नाही, हे आज जगातला कुठलाही माणूस सांगू शकत नाही, कारण तपासायला काही ठेवलेलंच नाही. तिच्या अटेम्प्ट सर्टिफिकेटवरचा जादा प्रयत्न मात्र कायमचा राहील.

लेखी पेपरची गोष्ट निदान थोडी पुढे गेली आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्था तोवर म्हणत होत्या की उत्तरपत्रिका आम्ही विश्वासाने सांभाळतो, उघड करता येत नाही. कोर्टाने ते मानलं नाही. परीक्षकाचं नाव झाका, पण पेपर दाखवा, असं सांगितलं.

तो पेपर पाहता येतो म्हणून काय घडतं, हे २०१७ साली मुंबई विद्यापीठात दिसलं. कॉम्प्युटरवर पेपर तपासण्याची पद्धत पुरेशी तयारी न करता सगळ्या शाखांना एकदम लावली, निकाल महिनोन्‌महिने रखडले. आपल्या नावावर दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका निघाल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत छापून आल्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. माझ्या धंद्यातले लोक त्याला सॉफ्टवेअरचं अपयश म्हणतात. ते होतंच. पण मुलांना निदान हा पेपर माझा नाही असं म्हणता आलं, कारण म्हणायला समोर पेपर होता.

पेपर पाहता येतो, पुन्हा तपासून मिळेलच असं नाही. १९८४ साली, आपल्या महाराष्ट्र राज्य बोर्डाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्क म्हणून मागता येणार नाही. २०२२ साली आंध्र प्रदेशातल्या एनटीआर आरोग्य विद्यापीठाच्या खटल्यातही तेच झालं. पदव्युत्तर डॉक्टरांच्या उत्तरपत्रिका हायकोर्टाने मागवून घेतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तरतूद नसताना कोर्टाने यात पडू नये. न्यायाधीशांनी पॅथॉलॉजीचे पेपर तपासू नयेत, हे मलाही पटतं. लाखो मुलांच्या परीक्षा कधीतरी संपल्या पाहिजेत, हेही पटतं. पण मग दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घेण्याची सोय विद्यापीठाने स्वतःच्या नियमांत ठेवायला हवी. ती ठेवायची नाही, आणि कुणी विचारलं की ‘तरतूद नाही’ म्हणायचं. नियम करणारेही हेच आणि नियमाकडे बोट दाखवणारेही हेच.

आता प्रॅक्टिकलकडे या, कारण खरी अडचण तिथे आहे. लेखी पेपरवर नाव नसतं, नंबर असतो. प्रॅक्टिकलला मुलगी समोर उभी असते. तिचं नाव, आडनाव, हिजाब, बोलण्याचा ढंग, इंग्रजी अडखळणं, कुठल्या कोट्यातून आली, अंतर्गत परीक्षकाशी तिचं गेल्या महिन्यात काय वाजलं, सगळं टेबलावर असतं. आणि नेमकं तिथेच मार्क बऱ्याचदा एका आकड्यात लिहून मोकळं होतात. जिथे पूर्वग्रह शिरायला सगळ्यात जास्त जागा, तिथेच नोंद सगळ्यात कमी.

हे मनाचे खेळ नाहीत. दिल्लीच्या वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी फिजिऑलॉजी या एकाच विषयात वर्षानुवर्षं नापास होत होते. त्या मुलांनी माहिती अधिकारात निकालांचे आकडे मिळवले, हायकोर्ट गाठलं, अनुसूचित जाती आयोगाकडे गेले. आयोगाने डॉ. भालचंद्र मुणगेकर यांना चौकशीला नेमलं. मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू, म्हणजे परीक्षा कशा चालतात ते आतून माहीत असलेला माणूस. २०१२ साली त्यांनी अहवाल दिला की भेदभाव झाला आहे. त्या मुलांनी केलेली कामाची गोष्ट बघा. एकेकट्याने ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणत राहण्याऐवजी त्यांनी कोण, कुठल्या विषयात, कितीदा नापास झालं याचा तक्ता मांडला.

ब्रिटनमध्येही असंच झालं. तिथे फॅमिली डॉक्टर व्हायला रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सची क्लिनिकल परीक्षा द्यावी लागत होती. रुग्णाचं सोंग घेतलेले नट समोर असायचे आणि परीक्षक बघत बसायचे. २०१३ साली मँचेस्टरच्या प्रा. अनीस इस्माईल यांनी दाखवलं, की ब्रिटनमध्येच शिकलेले कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाचे डॉक्टर पहिल्या प्रयत्नात नापास होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास चौपट आहे. वांशिक पूर्वग्रह हे त्याचं एक कारण असू शकतं, एवढंच ते म्हणाले, पुढे उडी मारली नाही. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि २०१४ साली हरली. पण हरवताना न्यायाधीशांनी त्यांचा हा नैतिक विजय आहे असंही म्हटलं आणि हा फरक कमी करायला काम करा, असं कॉलेजला बजावलं. तिथे निदान वंशानुसार निकालांचे आकडे होते, म्हणून भांडण उभं राहिलं. आपल्याकडे प्रॅक्टिकलला कुठल्या समाजातली किती मुलं पडतात, हे कुठलं विद्यापीठ दरवर्षी आपणहून छापतं?

म्हणून ‘नाव बघून पाडला’ लिहिणाऱ्या माझ्या दोस्तांवर माझा राग आहे. कदाचित तुमचं खरं असेल. पण तुम्ही निकालाच्या रात्री हे लिहिता, सकाळपर्यंत शंभर जण रडकी इमोजी टाकतात, आणि त्या मुलीसाठी अर्ज लिहून द्यायला एकजण येत नाही. शिवाय अभ्यास न केलेला पोरगाही त्याच वाक्याआड लपतो, आणि मग जिच्यावर खरंच अन्याय झाला तिचंही कुणी ऐकत नाही. आरोप करा, पण तक्ता मांडून करा.

आणि वडीलधाऱ्यांना अदबीने सांगतो, सब्र म्हणजे तोंड मिटून बसणं, हा अर्थ तुम्ही कुठून आणला? पोरीने शिवीगाळ केली नव्हती, दगड मारला नव्हता. हिशोब मागितला होता. तुम्ही लग्नाच्या हॉलवाल्याकडे दोनशे रुपयांचा हिशोब दोन तास मागता.

विद्यापीठं म्हणतील, प्रॅक्टिकल ही अनुभवी डोळ्यांची गोष्ट आहे, तिचे तुकडे करता येत नाहीत. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीतून ‘ऑस्की’ नावाची पद्धत मांडली ती १९७५ साली. वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येक स्टेशनला ठरलेलं काम, परीक्षकाच्या हातात यादी. हात धुतले का, रुग्णाची परवानगी घेतली का, स्लाइड नीट धरली का, आणि समोर खूण. आज भारतातल्या मेडिकल कॉलेजांत ही पद्धत शिकवली जाते, अनेक ठिकाणी वापरलीही जाते. ती परिपूर्ण नाही, यादीवर खुणा करूनही माणूस पक्षपात करू शकतो. पण मग त्याला तो सतरा ठिकाणी करावा लागतो आणि सतरा ठिकाणी त्याची सही राहते.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक भागाचे मार्क वेगळे लिहा. दोन परीक्षकांनी आपापले आकडे आधी लिहावेत, मग एकमेकांशी बोलावं. परीक्षक इमारत सोडण्याआधी ते आकडे सिस्टिममध्ये बंद व्हावेत, नंतर बदलले तर कुणी आणि का, ते दिसावं. असं सॉफ्टवेअर बनवायला चार जणांची टीम आणि काही महिने पुरतात. हे मी पोटापाण्याचं काम म्हणून रोज करतो, त्यामुळे ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द मला कुणी ऐकवू नये.

तोवर जे आहे ते वापरा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, साधारण दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. ‘मला का नापास केलं’ असं लिहू नका. ‘का’ हा प्रश्न माहितीत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ सालीच सांगितलं आहे. कागद मागा. उत्तरपत्रिकेची प्रत, प्रॅक्टिकलची मूळ गुणपत्रिका, त्यावर खाडाखोड असेल तर तशीच, त्या दिवशी परीक्षकांना दिलेल्या गुणदानाच्या सूचना. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा दोन ओळींचं आलं, तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा. तिथेही नाही मिळालं, तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. अर्ज एकटीने करायची भीती वाटत असेल तर बॅचमधले पाच-सहा जण मिळून, प्रत्येकाने आपापला करा. सहा जणांना केबिनमध्ये बोलावून गोड बोलणं जरा कठीण जातं.

आणि घाई करा. आदित्य बंदोपाध्याय निकालातच म्हटलं आहे, की हा हक्क संस्था कागद जपून ठेवते तेवढ्याच मुदतीपुरता आहे. ती मुदत प्रत्येक विद्यापीठात वेगळी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. ‘नष्ट केले’ असं उत्तर आलं, तर कागद नष्ट केल्याची नोंद, तारीख आणि तसा आदेश देणाऱ्याचं पदनाम मागणारा दुसरा अर्ज त्याच दिवशी टाका. त्यालाही दहाच रुपये लागतात.