पक्क्या बिलाचा पाडवा

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला झाला. राजस्थानात त्याच दिवशी विक्रम संवत २०८३ सुरू झाले. १९४९ साली ज्या ३० मार्चला राजस्थान राज्याची स्थापना झाली तो दिवसही वर्षप्रतिपदेचाच होता. त्यामुळे राजस्थान दिनही आता याच तिथीला मानला जातो. म्हणजे जयपूरच्या झोटवाड्यात राहणाऱ्या मराठी माणसाचा पाडवा तिथे दोन्ही अर्थांनी घरचाच सण. पाडव्याला तेरा दिवस होतात न होतात तोच आज, १ एप्रिल २०२६ रोजी, प्राप्तिकर कायदा, २०२५ अमलात येत आहे. नव्या वहीचे पहिले पान उलटायला याहून योग्य मुहूर्त नाही.

जुना कायदा १९६१चा. सततच्या दुरुस्त्यांनी तो आठशेहून अधिक कलमांपर्यंत फुगला होता. नव्यात ५३६ कलमे आहेत. ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ हा पिढ्यान् पिढ्यांचा घोळ संपून एकच ‘करवर्ष’ आले आहे. सर्वांच्या तोंडी बसलेले ८०सी आता कलम १२३ झाले आहे. एक गोष्ट मात्र विसरू नये. काल संपलेल्या २०२५-२६ या वर्षाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचे आहे. जूनमधला आगाऊ कराचा पहिला हप्ता मात्र नव्या कायद्याखाली येईल.

कायद्याची भाषा सोपी झाली याचा आनंद आहे. पण लहान माणसाचे घोडे भाषेपाशी अडत नाही, नोंदीपाशी अडते. झोटवाडा औद्योगिक क्षेत्रासारख्या वस्तीतला लहान कारखानदार स्वतःच यंत्रावर उभा राहतो, माल स्वतः आणतो, वसुलीलाही स्वतःच जातो. हिशेबाची पाळी शेवटी येते, आणि मार्च उलटला की चिठ्ठ्यांची पिशवी सीएच्या टेबलावर रिकामी होते. हिशेब सरकारसाठी ठेवायचा असतो, ही समजूत याच्या मुळाशी आहे. ती चुकीची आहे. वही आधी मालकाच्या उपयोगाची, मग सरकारच्या.

उधारीचेच पाहा. लहान कारखान्याचा जीव करात कमी आणि थकलेल्या येण्यात जास्त अडकलेला असतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळली आणि पैसे वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा करता येत नाही. ते पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षीच त्याला वजावट मिळते. उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही मागता येते. कायद्याने एवढे बळ हाती दिले आहे, पण ते उपयोगी पडते उद्यम नोंदणी आणि तारखेचे पक्के बिल असलेल्यालाच. कच्च्या चिठ्ठीवर माल देणारा आपला हक्क आपल्याच हाताने सोडून देतो.

अनुमानित कराची सोयही अशीच नोंदीला फळ देणारी आहे. वार्षिक उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत ठेवून ३ कोटींपर्यंत असेल, तर सविस्तर हिशेब-पुस्तकांची सक्ती नाही. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो. साठ लाखांची उलाढाल सगळी बँकेतून झाली तर नफा ३ लाख ६० हजार धरला जातो, सगळी रोखीत झाली तर ४ लाख ८० हजार. खरा नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा, हे ओघाने आलेच. या योजनेतल्या माणसाला आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. रोखीचे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांहून अधिक रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

पगारदाराची गफलत वेगळी असते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, प्रमाणित वजावटीमुळे पगारदाराला ही मर्यादा १२ लाख ७५ हजार पडते. पण कर नाही म्हणून विवरणपत्रही नाही, असे होत नाही. उत्पन्न ४ लाखांवर गेले की ते भरायचेच. शेअरवरच्या भांडवली नफ्याला ही सूट लागू नाही, हेही ध्यानात असू द्यावे. गृहकर्जाचे व्याज आणि घरभाडे दोन्ही मोठी असतील तर जुन्या प्रणालीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. निव्वळ कर वाचतो म्हणून न कळणारी विमा पॉलिसी गळ्यात घेणे हे नियोजन नव्हे.

महाराष्ट्रातून जयपूरला गेलेल्या नोकरदाराला पगारपत्रकात व्यवसाय कर दिसत नाही, कारण राजस्थान तो घेत नाही. महाराष्ट्राने १९७५ साली तो लावला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. शहरातल्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळाले. कर म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

आणि एक गोष्ट जड मनाने सांगायला हवी. घरचा कर्ता रस्ता अपघातात गेला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवताना त्याच्या उत्पन्नाचा पुरावा विचारते. तिथे भरवशाचा कागद म्हणजे प्राप्तिकराचे विवरणपत्र. ज्याने आयुष्यभर महिना साठ हजार मिळवले पण कागदावर पंधराच दाखवले, त्याच्या मुलाबाळांच्या वाट्याला त्या पंधरांचाच हिशेब येतो. चुकवलेला कर असा घरच्यांकडून वसूल होतो.

म्हणून मार्चची वाट पाहू नये. आज रात्री शटर ओढण्याआधी करवर्षाच्या पहिल्या दिवसाची जमा आणि खर्च लिहावा, तारीख घालावी, बिले फाइलला लावावीत. दहा मिनिटांचे काम आहे. ते रोज करणाऱ्याच्या घरच्यांना उद्या काही सिद्ध करायची वेळ आली, तर त्यांच्या हातात कागद असेल.