वॉचमनची वही कोणी लिहायची?

डेटाबेसचा प्रोजेक्ट घेतलेल्या बहुतेकांची कधी ना कधी एका फाईलशी गाठ पडते. पीजी_एचबीए.कॉन्फ. पोस्टग्रेसक्यूएलच्या गेटवरची ही वॉचमनची वहीच म्हणा ना! कोणता युजर, कुठल्या पत्त्यावरून, कोणत्या डेटाबेसमध्ये येणार आणि त्याला पासवर्ड विचारायचा की नाही, हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं.

आता मित्रमंडळींचं म्हणणं असं, की खोलीत बसून डेटाबेसच्या कनेक्शनवरूनच ही वहीही बदलता यावी. पीजीॲडमिन ३ मध्ये तशी सोय होती. त्यासाठी सर्व्हरवर ॲडमिनपॅक लागायचा. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत तो काढून टाकला. माझ्या मते बरंच झालं.

कारण ही वही वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळच लागू होते. पुढचं कोणी बघत नाही. वर घाईत एक 'रिजेक्ट' पडलं आणि रीलोड केलं, की चालू कनेक्शन टिकतं, पण एकदा बाहेर पडलात की आपल्याच दाराबाहेर! ओळ लिहिण्यातच चूक असेल तर आणखी गंमत. रीलोडला जुनेच नियम चालू राहतात, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. रात्री लाईट जाऊन आली, की सर्व्हर उठतच नाही. सकाळी प्रॅक्टिकल असेल तर बोंबला.

म्हणून माझं मत : बघा लांबून, लिहा हाताने. बघायला २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून पीजी_एचबीए_फाईल_रूल्स हा व्ह्यू आहे. रीलोडच्या आधीच चुकलेली ओळ दाखवतो. 'हाताने' म्हणजे लॅबच्या खुर्चीतच बसून असं नाही. एसएसएचने सर्व्हरवर जा, कारण ते दार वेगळं आहे. डेटाबेसचं दार बंद झालं तरी ते उघडं राहतं. पन्नास मशीन असतील तर एकच प्रत गिटमध्ये ठेवा, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या आणि एसएसएचनेच सगळीकडे पाठवा.

अर्थात सुपरयुजरला फाईल लिहायच्या आडवाटा आजही आहेत. तेव्हा तो पासवर्ड ग्रुपभर वाटू नका. आणि डेमोच्या आदल्या रात्री 'चालतंय ना!' म्हणत सगळ्या पत्त्यांसाठी टाकलेली 'ट्रस्ट'ची ओळ? ती असेपर्यंत पासवर्ड कोणालाच विचारला जात नाही. सबमिशनची वाट न बघता ती आजच काढा.