आपत्तिशास्त्राचा विद्यार्थी आणि लोकांची भाषा

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि या विषयाच्या पदव्यांना विद्यापीठांतून प्रतिष्ठा लाभू लागली. हा अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी नकाशे वाचतो, धोक्याचे मोजमाप शिकतो, मदतीच्या वाटपाचे गणित मांडतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु ज्या माणसांपर्यंत सूचना पोचवायची त्यांची बोली या शिक्षणात बहुधा दुय्यम ठरते. जणू नोकरीवर रुजू होताच ती आपोआप अवगत व्हावी! प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याला निदान नेमणुकीच्या राज्याची भाषा शिकावी लागते.

ही बाब किरकोळ नव्हे. सुमात्राजवळच्या सिमेलू बेटावर १९०७ सालच्या महालाटेची स्मृती 'स्मोंग' या एका शब्दात आणि त्याभोवतीच्या गाण्यागोष्टींत जपलेली होती. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपानंतर तो शब्द कानोकानी गेला आणि लोक टेकड्यांवर चढले. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर ७ माणसे दगावली. आचेच्या मुख्य किनाऱ्यावर लाखाहून अधिक. आपल्या तमिळ किनाऱ्यावर 'त्सुनामी' हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी आला तो लाट ओसरल्यावर, बातम्यांबरोबर.

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसे मेली ती बव्हंशी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवद यांच्या भाराखाली. 'माळवद' हा शब्द ठाऊक नसलेल्या तज्ज्ञाला छताचे वजन काढता येईलही. पण त्यावर वाळवण कोण घालते, उन्हाळ्यात तेथे कोण निजते आणि नव्या सिमेंटच्या घराला गावकरी का बिचकतो, हे त्याला कोणत्या कोष्टकातून उमगणार?

येथे साहित्य उपयोगी पडते. रेणूंच्या 'ऋणजल धनजल'मध्ये १९६६ चा बिहारातील दुष्काळ आणि १९७५ चा पाटण्याचा पूर आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'वेळ्ळप्पोक्कत्तिल' या कथेत माणसे नावेतून निघून जातात आणि कुत्रा छपरावर राहतो. जनावरांना सोडून घर न सोडणाऱ्या कुटुंबाशी कसे बोलावे, हा प्रश्न तेथे उभा आहे. माडगूळकरांची 'बनगरवाडी' दुष्काळाने ओस पडते. आपले साहित्य विभाग मात्र तिच्याकडे अजून प्रादेशिकतेचा नमुना म्हणूनच पाहतात. तेव्हा दोष एकट्या आपत्तिशास्त्राचा नाही. दोन्ही विभागांनी मिळून एक प्रश्नपत्रिका चालवावी आणि तिची तोंडी परीक्षा विद्यार्थी जेथे काम करणार त्या जिल्ह्याच्या बोलीत घ्यावी.