नाव : अनोळखी, पत्ता : नाही



एरवी इथे मी बीपी, शुगर, ताप, लसी असं काहीतरी समजावून सांगत असतो. आजचा विषय तुम्हाला जरा बाहेरचा वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचा. माझ्या मते हाही आरोग्याचाच विषय आहे.

माझा दवाखाना एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ पाचेक वर्षं राहत होते. उजव्या पायाला जुनी जखम होती. ती भरायची, पावसाळ्यात पुन्हा उघडायची. दुपारी दवाखाना बंद करताना मी तिथेच बसून ड्रेसिंग करून द्यायचो. सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणायचे, मीही म्हणायचो. एकदा मी चार दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर पायरी रिकामी. चहावाला म्हणाला, “डॉक्टर, बाबा गेले. परवा सकाळी उठलेच नाहीत. पोलीस आले आणि गाडीतून घेऊन गेले.”

मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार चांगला माणूस होता. त्यानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, “बरं झालं आलात साहेब. नाव काय होतं त्यांचं?”

मला सांगता आलं नाही. जखम किती बाय किती सेंटिमीटरची होती ते सांगू शकलो असतो, नाव नाही. माझ्या दवाखान्यात कुणीही पाऊल टाकलं की कंपाउंडर आधी नाव विचारतो, मग केसपेपर काढतो. बाबा कधी आत आलेच नाहीत, मीच बाहेर जायचो. त्यामुळे केसपेपर निघाला नाही आणि नाव विचारायचं राहून गेलं. पाच वर्षं! रजिस्टरात लिहिलं गेलं ते असं : ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६०, पत्ता नाही.’

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात आहे, ती आज तुमच्यासमोर मांडतो. आपल्या गावात, आपल्या वॉर्डात वर्षभरात जी बेघर माणसं रस्त्यावर मरण पावली, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा आपण शोकसभा घ्यावी. छोटीशी. अर्ध्या तासाची. पण दर वर्षी आणि न चुकता.

पुढे काय होतं?

रस्त्यावर कुणी मेलेलं आढळलं की पोलीस पंचनामा करतात, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, मृतदेह सरकारी रुग्णालयात जातो, शवविच्छेदन होतं. वारस मिळतो का, हे पाहण्यासाठी काही दिवस देह शवागारात ठेवतात. कुणी आलं नाही तर पोलीस आणि पालिका मिळून अंत्यविधी करतात. पुष्कळदा तिथे एक हवालदार आणि स्मशानातला कर्मचारी एवढीच माणसं असतात.

काही देह वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. महाराष्ट्रात १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टनुसार, कुणी न्यायला न आलेला देह शिक्षणासाठी देता येतो. आता देहदान वाढलंय, पण माझ्या पिढीतले बहुतेक डॉक्टर अशाच देहांवर शिकले. हृदयाच्या झडपा मी पहिल्यांदा हातात घेतल्या त्या अशाच एका माणसाच्या. आज तुमच्या छातीला स्टेथोस्कोप लावून मी जे काही सांगतो, त्याचा पहिला धडा मला त्या माणसानं दिला. त्याचं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगतो, तेव्हा कुणी विचारलंही नाही. त्याची संमती तर घेतलीच गेली नव्हती. आता बऱ्याच महाविद्यालयांत विच्छेदन सुरू करण्याआधी विद्यार्थी त्या देहाबद्दल आदराची शपथ घेतात. चांगली गोष्ट आहे. पण ऋण काही फक्त डॉक्टरांचं नाही. त्या देहांवर शिकलेल्या डॉक्टरांकडून बरे झालेल्या सगळ्यांचं आहे.

आपण अशांना ‘बेवारस’ म्हणतो. शब्द नीट पाहा. वारस नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण नाव होतं, गाव होतं, कुणीतरी पाळण्यात घालून ते नाव ठेवलं होतं. आपण वारस नाही म्हणता म्हणता नावही पुसून टाकतो.

ही माणसं कशानं मरतात?

२०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली गेली, त्यातली सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रात. रात्री पुलाखाली आणि फलाटाच्या टोकाला झोपणाऱ्यांची मोजणी किती अवघड असते, हे लक्षात घेतलं तर खरा आकडा याहून मोठा असणार.

“थंडीनं गेला असेल” किंवा “दारूनं गेला असेल” असं आपण सहज म्हणून टाकतो. माझ्या पाहण्यात आलेली कारणं तुमच्याआमच्यासारखीच आहेत : क्षयरोग, हृदयविकार, मधुमेहातली पायाची जखम, न्यूमोनिया, फिट, यकृताचा आजार, उन्हाळ्यात उष्माघात, रात्री अंगावरून गेलेलं वाहन. फरक आहे तो उपचारांच्या वाटेत.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. पण गोळ्या ठेवायच्या कुठे? पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, किंवा फुटपाथ साफ करायला आलेल्या गाडीत जाते. निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात; खात्याला कागद लागतात, कागदाला पत्ता लागतो. इन्सुलिन थंड जागी ठेवायचं असतं. “पाय कोरडा ठेवा, वर घेऊन झोपा,” असं मी बाबांना किती वेळा सांगितलं असेल! पावसाळ्यात पायरीवर झोपणाऱ्या माणसाला हा सल्ला म्हणजे थट्टाच होती, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

म्हणजे औषध असतं, आजारही बरा होण्यासारखा असतो, आणि तरी माणूस जातो. अशा मृत्यूंना आम्ही टाळता येण्यासारखे मृत्यू म्हणतो. पण ते टाळण्यासाठी आधी ते मोजावे लागतात.

शोकसभेनं काय होतं?

अमेरिकेत १९९० पासून २१ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, अनेक शहरांत बेघर मृतांसाठी स्मरणसभा होतात. लोक जमतात, मेणबत्त्या लावतात आणि एकेक नाव वाचतात. लंडनमध्ये ट्रॅफल्गार चौकाजवळच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये दर नोव्हेंबरात अशीच सभा होते.

नाव वाचायचं म्हणजे यादी लागते. यादी करायला बसलं की प्रश्न पडतात : किती गेले? वय काय होतं? कशानं गेले? इंग्लंडमध्ये असे मृत्यू कुणीच मोजत नाही, हे पत्रकारांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली, आणि मग सरकारी सांख्यिकी कार्यालयही मोजू लागलं. २०१८ सालासाठी इंग्लंड आणि वेल्स मिळून अंदाज निघाला ७२६ मृत्यूंचा. सरासरी वय पुरुषांचं ४५, बायकांचं ४३. इतक्या श्रीमंत देशात!

बॉस्टनमध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांनी हेच दोनदा केलं. १९९७ च्या त्यांच्या अभ्यासात मृत्यूचं सरासरी वय ४७ निघालं, आणि २५ ते ४४ वयोगटात पहिलं कारण एड्स होतं. पुढे २००३ ते २००८ या काळातले मृत्यू पाहिले तेव्हा चित्र पालटलं होतं. आता अमली पदार्थांचा अतिरेकी डोस सर्वांत पुढे होता. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलंच नसतं, तर ते जुन्याच शत्रूशी लढत बसले असते.

म्हणून मी म्हणतो, शोकसभेतली नावांची यादी हा आरोग्याचा कागद आहे. आपल्या वॉर्डातल्या यादीत तीन जण एकाच वळणावर गाडीखाली गेलेले दिसले, तर तिथे दिवा हवा. चार जण मे महिन्यात गेले, तर तिथे सावली आणि पाणी हवं. दोघं क्षयाचा कोर्स अर्धवट सोडून गेले, तर गोळ्या सांभाळून ठेवणारा एखादा दुकानदार हवा. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमचा निवारा हवा, असं केंद्र सरकारच्या २०१३ च्या योजनेत म्हटलं होतं. आपल्या शहरात तो आहे का, किती जणांचा आहे, हे विचारायला हातात यादी असलेली बरी.

“जिवंतपणी नाही विचारलं, आता मेल्यावर काय?”

हा प्रश्न मला माझ्या बायकोनंच विचारला. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की मेल्यावर नाव वाचायचं ठरवलं तर जिवंतपणी विचारावं लागतं. मी बाबांना एकदा जरी विचारलं असतं, तर नावापाठोपाठ गाव निघालं असतं, गावापाठोपाठ भाऊ नाहीतर मुलगी. कदाचित जुने उपचारही कळले असते.

दुसरा आक्षेप : “त्यातले निम्मे व्यसनी असतात.” काही असतात. पण माझ्याकडे बंगल्यांतूनही व्यसनी पेशंट येतात, आणि त्यांच्या तेराव्याला कुणी व्यसनाचा हिशेब मांडत नाही.

तिसरा : “विधी कुठल्या धर्माचा करायचा?” बेघर माणसाचाही अंत्यविधी त्याच्या श्रद्धेप्रमाणे सन्मानानं व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आश्रय अधिकार अभियानाच्या याचिकेवर मान्य केलं आहे. पण नावच माहीत नसेल तर श्रद्धा कशी कळणार? शोकसभेला विधी नकोच. नाव वाचायचं, थोडं थांबायचं, पुढचं नाव वाचायचं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना आपण सर्वपित्रीला पान वाढतोच की. ज्यांचं कुणी नाही त्यांची आठवण ठेवणं आपल्याला नवीन नाही. अयोध्येचे मोहम्मद शरीफ यांनी तर ज्याचा त्याचा धर्म पाहून हजारो बेवारस देहांना शेवटचा निरोप दिला. त्यासाठी त्यांना पद्मश्रीही मिळाली.

कशी घ्यावी?

१० ऑक्टोबर हा जागतिक बेघर दिन. पाऊस संपलेला, थंडी यायची असते. मला ही तारीख सोयीची वाटते. जागा तीच, जिथे ही माणसं राहत होती. यादीसाठी चहावाले, हमाल, सफाई कर्मचारी, रिक्षावाले, पोलीस यांना विचारा. कुणाला काय माहीत असतं याचं आश्चर्य वाटेल. नाव मिळालं नाही तर खूण वाचा : ‘पुलाखाली बासरी वाजवणारे आजोबा’. ‘अनोळखी’ म्हणण्यापेक्षा ते बरं.

काही पथ्यं मात्र पाळा. बोलण्याचा पहिला मान रस्त्यावर राहणाऱ्यांना द्या, त्यांचेच सोबती गेलेले असतात. आजाराचं नाव सभेत वाचू नका. मृताचीही गोपनीयता असते, आणि कुठेतरी त्याचं कुटुंब असू शकतं. कारणं वेगळ्या कागदावर लिहा आणि पालिकेच्या आरोग्य विभागाला द्या. फोटो काढू नका. बॅनर नको, नेत्यांची भाषणं नकोत.

आणि सभेची वाट न पाहता आजपासून करता येईल असं एक काम. रस्त्यावर कुणी निपचित पडलेलं दिसलं तर ‘प्यायलाय’ म्हणून पुढे जाऊ नका. साखर उतरणं, फिट, पक्षाघात, डोक्याला मार, उष्माघात हे सगळं लांबून दारूसारखंच दिसतं. मोठ्यानं हाक मारा, खांदा थोपटा. प्रतिसाद नसेल तर १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल आणि मार लागल्याची शंका नसेल तर कुशीवर वळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. माणूस बोलत असेल तर आधी नाव विचारा. ते तुम्हाला सांगता आलं तर पुढच्या रजिस्टरात ‘अनोळखी’ लिहावं लागणार नाही.

यंदा १० ऑक्टोबरला संध्याकाळी सहा वाजता आम्ही त्या बंद दुकानाच्या पायरीवर जमणार आहोत. आतापर्यंत यादीत अकरा जण आहेत, त्यातल्या सात जणांची नावं मिळाली. बाबांचं अजून मिळालेलं नाही. त्यांच्या ओळीत मी लिहिलंय : ‘बाबा, एसटी स्टँडमागची पायरी, उजव्या पायाला जखम. डॉक्टरांनी नाव विचारलं नाही.’ तुमच्यापैकी कुणाला ते ठाऊक असेल तर दवाखान्यात येऊन सांगा.